झुब्याचं झाड आणि पाटाची पाळी

व्हाक्वा,
२० जून १९९३

ती. अक्काच्या चरणी हरिदेवचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. जूनची थंडी मात्र हाडात शिरली आहे. आठवडाभर सूर्य दिसलेला नाही. देवकीचे गुडघे कुरकुरतात आणि गुडघ्यांच्या नावाने देवकी कुरकुरते. बेटाच्या त्या टोकाला तुमच्या ला गोलेतमध्ये ऊन आहे असं रेडिओवर सांगतात. नशीबवान आहेस.

फोन सोडून पत्र का, असं तू विचारशील. फोनवर तू माझं निम्मं ऐकतेस आणि ठेवून देतेस. शिवाय बहीणभावांनी एकमेकांना मराठीतच लिहायचं ही बाबांची शिस्त आहे, ती मोडायला नको.

आता मुद्दा. बाबांचा गणपती म्हणजे आता काही आपल्या घरापुरता राहिला नाही. चार गल्ल्यांची माणसं येतात, जाखडी नाचतात, आणि मंडळाचा अध्यक्ष मी. यंदा राजधानीतले एक बडे पाहुणे आरतीला येणार आहेत. नाव पत्रात लिहीत नाही. बैठकीत जो तो विचारायला लागला की यंदा नवीन काय करायचं. मला एकदम तुझं झाड आठवलं, यंदा फुललंय म्हणालीस ते. गेल्या साली सरकारने ज्याला राष्ट्रीय फूल केलं तेच ना ते? लाल, घंटेसारखं, देवाला शोभेलसं. मी उभा राहिलो आणि सांगून टाकलं की यंदा आपल्या गणपतीच्या गळ्यात एकवीस राष्ट्रीय फुलांचा हार असेल, माझ्या सख्ख्या बहिणीच्या अंगणातला. काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! तुझं नाव घेऊन टाळ्या पडल्या.

अधिक महिन्यामुळे यंदा चतुर्थी १९ सप्टेंबरला आली आहे, तेव्हा घाई नाही. आदल्या दिवशी मी माणूस पाठवतो. फुलं ओल्या फडक्यात ठेव. एवढ्या धाकट्या भावाचा शब्द तू खाली पडू देणार नाहीस.

देवकीचा नमस्कार. माया आहे तशीच ठेव.

तुझा
हरिदेव


ला गोलेत,
२८ जून १९९३

चि. हरिदेव यास अनसूयाचे अ. आ. वि. वि.

पत्र पोचलं. टाळ्या पण पोचल्या. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायची तुझी लहानपणची खोड गेली नाही. तेव्हा माझ्या वाटणीचा आंबा मित्रांना देऊन मोठा व्हायचास, आता माझं झाड देऊन झालास.

फुलं मिळणार नाहीत. एकवीस नाही, अकरा नाही, एक पण नाही. हे आधीच सांगून मोकळी होते. आता कारण ऐक. नीट ऐक, पत्र ठेवून देता येत नाही.

हे झाड मी डोंगरावरून उपटून आणलेलं नाही. क्युरपीपच्या सरकारी रोपवाटिकेतली मिस वेरोनिक तुला माहीत आहे, माझ्याकडे येते ती. सगळ्या जगात ही झाडं फक्त आमच्या समोरच्या ले मोर्नच्या कड्यावर उगवतात, तीही बोटावर मोजण्याइतकी. कड्याच्या पार टोकाला एक जुनं झाड होतं. त्याचं बी तिने दोराला लटकून आणलं आणि रोपं केली. तिच्याकडची रोपं व्हाक्वा-क्युरपीपच्या ओलीने मुळाशी कुजून मेली. एक मला दिलं होतं, कारण आमच्याकडे कोरडं, खडकाळ, समुद्राचा वारा. ते जगलं. कसं जगलं ते मला विचार. पहिल्या वर्षी मी त्याला जास्त पाणी घातलं, मायेने. पानं पिवळी पडून गळायला लागली. वेरोनिक आली आणि माझ्या हातातला डबाच काढून घेतला. तेव्हापासून झाडाच्या बुडाशी नुसते दगड आहेत, आणि पाणी ते मागेल तेव्हा.

देताना तिने माझ्याकडून शब्द घेतला. फांदी कुणाला द्यायची नाही. त्याच्या जातीतलं दुसरं झाड जवळ लावायचं नाही. आणि ज्या वर्षी चांगलं फुलेल त्या वर्षी एक फूल तोडायचं नाही, सगळं बी तिला द्यायचं, ती ते पुन्हा डोंगरावर नेणार. सहा वर्षं वाट बघितल्यावर यंदा ते फुललंय, हरिदेव. आणि गेल्या वादळात कड्याचा तो तुकडाच समुद्रात गेला. झाडाची आई गेली. तिचं जिवंत लेकरू माझ्या अंगणात आहे ते एकच. फुलांतली कितीतरी नुसतीच गळतात, थोड्यांनाच बी धरतं. तू हार ओवलास तर तो वंश तिथेच संपला.

आणखी एक गोष्ट. तुझ्या गणपतीच्या गळ्यात ते फूल दिसलं की पुढच्या वर्षी प्रत्येक मंडळाला तसाच हार पाहिजे. मग तरणी पोरं डोंगर चढतील आणि दोन सणांत डोंगर बोडका करतील, देवाच्या नावाने. हे पाप मी माझ्या अंगणातून सुरू करणार नाही.

क्लेमांतीनला तुझं पत्र वाचून दाखवलं. माझी शेजारीण, ऑक्टोपस वाळवून विकते ती. तिचे खापरपणजे उसाच्या मळ्यातले गुलाम, मळेवाल्यांचा चाबूक चुकवून त्याच डोंगरावर पळाले होते. ती हसली आणि म्हणाली की त्या डोंगरावर जे गेले ते कुणाच्या हाकेला खाली आले नाहीत, त्यांचं झाड तुझ्या भावाच्या हाकेला कशाला येईल.

देवकीला गुडघ्यांवर गरम मिठाची पुरचुंडी शेकायला सांग. तुम्हा दोघांवर माझा जीव आहेच, पण तो झाडाला लागू करू नकोस.

तुझी
अक्का


व्हाक्वा,
११ जुलै १९९३

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. देवाला फूल नाकारलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा बघतोय. गुरुजींच्या कानावर घातलं, तर ते म्हणाले की फूल हे देवाच्या चरणी जाण्यासाठीच जन्माला येतं. बायकामाणसं बोलायला लागली आहेत की बाजारातली फूलवाली देवाला उधार फूल देते आणि हरिदेवची बहीण फुकट देत नाही. मला खाली मान घालून ऐकावं लागतं. तुला ला गोलेतमध्ये बसून काय कळणार!

तरीही मी समजूतदारपणे वागतोय. सोबत बसने एक कुंडी पाठवली आहे. क्युरपीपच्या एका बागवाल्याकडून खास आणली. तुझ्याच झाडाची जवळची जात, गुलाबी घंटा, आणि ऐन बहरात. तुझ्या लालपेक्षा नाजूक आहे असं माझं मत. ती तुझ्या झाडाशेजारी लाव. तुझ्या मिसबाईला त्याचं बी दे, वाटेल तेवढं घे म्हणावं. झाड तर झाड. बदल्यात लाल फुलं मला. कुणाचं नुकसान नाही.

तुझा हट्ट मला ठाऊक आहे. पण माझाही शब्द आहे, आणि तो चार माणसांत दिलेला आहे.

उत्तराची वाट बघतो. रागातही माया असू दे.

हरिदेव


ला गोलेत,
१५ जुलै १९९३

चि. हरिदेव यास अ. आ. वि. वि.

तुझी गुलाबी बाई ज्या बसने आली त्याच बसने परत पाठवली. कंडक्टर वैतागला, म्हणाला ही कुंडी सासरमाहेर करतेय. अंगणात उतरवून सुद्धा घेतली नाही. आता मिळाली असेल.

अरे शहाण्या, हेच तर नको म्हणून सांगितलं होतं. आमच्याकडे हिरव्या पाली फुलातला मध चाटायला दिवसभर या झाडावर असतात. नाकाला परागाचा पिवळा बुक्का लावून एका फुलातून दुसऱ्यात तोंड घालतात. शेजारी गुलाबी असतं तर गुलाबीचा पराग लालला लागला असता आणि बी संकराचं झालं असतं. मग ते डोंगरावर नेण्याच्या लायकीचं राहिलं नसतं. सहा वर्षांची मेहनत तुझ्या एका भेटीने पाण्यात. बाजारात असली मिसळलेली रोपं राष्ट्रीय फूल म्हणून खपवतात आणि तुझ्यासारखे घेतात. तू वाईट नाहीस, तू नुसता घाईचा आहेस. पण घाईने केलेलं वाटोळं पण वाटोळंच असतं.

गुरुजींना सांग, फूल देवाच्या चरणी जाण्यासाठी जन्मत नाही, बी धरण्यासाठी जन्मतं. देवानेच तशी योजना केलीय. गुरुजींनी देवाला विचारून मला कळवावं.

आता माझं ऐक. तुझ्या पहिल्या पत्रापासून मी बरेच दिवस विचार केला आणि मला एक गोष्ट आठवली. बाबा म्हणायचे की या बेटावर मला ना भाऊ ना भावकी, माझी दोन पोरं हीच माझी भावकी. म्हणून कोकणातल्यासारखी त्यांनी पाळी लावून दिली. एक वर्ष गणपती मुलीकडे, एक वर्ष मुलाकडे. आणि आजोबांनी जहाजातून आणलेला फणसाचा पाट ज्याच्या घरी, त्याच्या घरी गणपती. पाटाशिवाय स्थापना नाही. हे त्यांनी आपल्या दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, तू तेव्हा रडत होतास कारण पहिली पाळी माझी होती.

आमचे हे वारले त्या वर्षी पाळी माझी होती. सुतक आहे म्हणून तू पाट घेऊन गेलास. बरोबर केलंस. पण सुतक संपलं आणि पाट परत आला नाही. माझ्या पुढच्या पाळीला नाही, त्याच्या पुढच्या पाळीलाही नाही. मी काही बोलले नाही. माझंच चुकलं, न बोललेलं माणसं सोडून दिलेलं समजतात.

तर यंदाची पाळी माझी. पाट पाठवून दे. तुला आपल्या गणपतीवर ती लाल फुलं पाहिजेत ना? गणपतीला इथे आण. झाड हलणार नाही, देवाला हलता येतं.

अनेक आशीर्वाद आहेतच, पाटासकट मागते.

अक्का


व्हाक्वा,
२५ जुलै १९९३

ती. अक्कास नमस्कार.

तू हे काय काढलंस? झाडावरून सुरू केलंस आणि माझ्या घरातला देव मागायला लागलीस.

बाबांनी सांगितलं ते तुझा संसार होता तेव्हाचं. मेहुणे होते, जोडीने पूजेला बसत होतात. आता तुझ्या घरी पूजेला बसणार कोण? हे मला लिहायला लावू नकोस. जी रीत आहे ती मी केलेली नाही. मी तुला दरवर्षी सणाला बोलावतो, तू येतेस, स्वयंपाकाला हात लावतेस, मान राहतो. त्यात काय कमी पडलं?

इथे मांडव ठरला, वाजंत्री ठरली, पाहुण्यांना पत्र गेलं. पाट माझ्या देवघरात आहे आणि तिथेच राहील. फुलं देणार नसलीस तर राहू दे, मी झेंडू घालीन आणि अपमान गिळीन. पण पाळीचा विषय पुन्हा नको.

हरिदेव


व्हाक्वा,
१२ ऑगस्ट १९९३

ती. वन्संना देवकीचा सा. न. वि. वि.

हे पत्र ह्यांना न सांगता लिहिते आहे, तेव्हा वाचून चुलीत घाला. नाहीतर ठेवा, आता काय व्हायचं ते होईल.

मंगळवारच्या दुपारच्या बसने तुमच्याकडे एक चौकोनी गाठोडं येईल, माझ्या जुन्या निळ्या साडीत बांधलेलं. कंडक्टरकडे आजच देऊन ठेवलंय, पोळपाट आहे म्हणून सांगितलंय. तो म्हणाला एवढा मोठा पोळपाट कुणाच्या घरचा. मी म्हटलं आमच्या वन्सं पोळ्या मोठ्या लाटतात. उतरवून घ्या, आणि एका पायाला जरा चीर आहे, जपून.

ह्यांना मी सांगितलंय की पाटाला वाळवी लागलीय, सुताराकडे दिलाय. सध्या विश्वास बसलाय. तुमचे बंधू जगाला सल्ले देतात पण स्वतःच्या देवघरात काय आहे आणि काय नाही ते त्यांना मीच सांगावं लागतं.

तुम्हाला वाटेल ही भावजय एकदम माझ्या बाजूने कशी. झाडातलं मला काही कळत नाही, वन्सं. पण ह्यांनी तुम्हाला लिहिलेलं पत्र टाकायला मीच पोस्टात गेले होते, आणि उघडं होतं म्हणून वाचलं. पूजेला बसणार कोण, असं लिहिलं होतं. माझे वडील गेल्यावर माझी आई सणासुदीला स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून आरती ऐकायची. मोदक तिचे, पुरणपोळी तिची, आणि आरतीचं ताट समोर आलं की ती दोन पावलं मागे सरायची. मरेपर्यंत. मी लहान होते, मला वाटायचं आईला धूर सोसत नाही. ते वाक्य वाचलं आणि आई मागे का सरायची ते कळलं. तुम्ही पण आमच्याकडे सणाला येता तेव्हा कुठे उभ्या असता ते मी इतकी वर्षं बघते आहे आणि तुम्हाला खोबरं किसायला देते आहे.

म्हणून पाट पाठवला. ह्यांचा राग माझा मी बघीन.

गुडघ्यांना मिठाच्या शेकाने बरं वाटतं. लोभ वाढला तरी चालेल, कमी नको.

तुमची
देवकी


व्हाक्वा,
२ सप्टेंबर १९९३

अक्कास,

परवा सुताराकडे गेलो होतो. तो म्हणाला, कसला पाट?

माझ्याच घरात माझ्या पाठीमागे हे झालं. देवकीने तोंडावर कबूल केलं, आणि वर जेवायला वाढलं. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही, तिला त्याचं काही वाटलेलं दिसत नाही.

मूर्ती मी घडवली आहे, माझ्या हाताने, बाबांनी शिकवली तशीच, बिनरंगाची. ती दुसऱ्या पाटावर बसवायची माझी छाती होत नाही हे तुला पक्कं माहीत आहे. म्हणूनच तू हे केलंस. मंडळाला काय सांगू? पाहुण्यांना काय सांगू? पाट परत पाठव. शेवटचं सांगतो.

हरिदेव


ला गोलेत,
६ सप्टेंबर १९९३

चि. हरिदेव यास अ. आ. वि. वि.

पाट मिळाला. खोबरेल तेल लावून पुसला. चिरलेल्या पायाला क्लेमांतीनच्या नवऱ्याने होडीला लावतात ती राळ भरून दिली, आता मजबूत आहे. परत पाठवणार नाही. शेंडी तुटो की पारंबी तुटो.

मंडळाला सांग की यंदा गणपती बहिणीकडे आहे. पाहुण्यांना पण तेच सांग. रस्ता आहे, गाडी आहे त्यांच्याकडे. त्यांना राष्ट्रीय फूल बघायचंय तर ते राहतं तिथे बघू दे.

मांडव मी घालणार नाही. झाडाखालीच दगडांवर पाट ठेवते. फांद्या वाकलेल्या आहेत, फुलं बरोबर देवाच्या डोक्यावर लोंबतील. आमचे हे गेले तेव्हा चार बायकांनी माझ्या कानातले झुबे काढून घेतले होते. आता माझ्या अंगणात जिकडे बघावं तिकडे झुबेच झुबे लोंबतायत. हे मला कुणी काढायला सांगून बघावं.

आणि तू विचारलं होतंस ना, पूजेला बसणार कोण. मी बसणार. मूर्ती घेऊन ये. नाही आलास तर मी समुद्रकाठची माती घेऊन स्वतः करीन, सोंड वाकडी झाली तरी देव ओळखून घेईल.

देवकीशी बोल. तिला घेऊन ये. नीरफणस तयार आहेत.

तुझ्या मूर्तीची आणि तुझी वाट बघणारी
अक्का


व्हाक्वा,
२६ सप्टेंबर १९९३

ती. अक्काच्या चरणी शि. सा. न. वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो. येताना तू दिलेल्या नीरफणसाचे देवकीने काप केले, शेजारी पण वाटले.

तुझ्यासमोर मला काही बोलता आलं नाही म्हणून लिहितो. जे तू पाहिलंस ते पण लिहितो, कारण माझ्या डोळ्यांनी ते कसं दिसलं हे तुला ठाऊक नाही.

मी मूर्ती लॉरीत घेऊन निघालो ते रागातच. मनात होतं की मूर्ती ठेवतो, पूजा स्वतः उरकतो आणि तुला दोन शब्द सुनावतो. चार गल्ल्यांतले निम्मेच लोक बरोबर आले, तेही गंमत बघायला. गुरुजी आले, आणि तू पाटासमोर बसलेली बघून अंगणाबाहेरच थांबले. मला बाजूला घेऊन म्हणाले की ती उठल्याशिवाय मी आत पाऊल टाकणार नाही. मी तुला उठवायला आलो होतो, अक्का. खरंच त्यासाठीच आलो होतो. तू वर पण बघितलं नाहीस, दूर्वा निवडत बसली होतीस. आणि दूर्वा निवडताना तुझी बोटं आईसारखीच चालतात हे मला इतक्या वर्षांत कधी दिसलं नव्हतं, कारण आमच्याकडे तू नेहमी आत असायचीस. मी गुरुजींना सांगितलं की तुम्ही चहा घ्या. मग तुझ्याशेजारी बसलो आणि बाबांनी बैठकेच्या संध्याकाळच्या शाळेत पाठ करून घेतलेले मंत्र म्हटले. दोन ठिकाणी चुकलो. तू चिमटा काढलास ते लोकांनी पाहिलं.

पाहुण्यांचं तर सगळ्यांसमोरच झालं. गाडीतून उतरले, हार कुठे म्हणाले. मी वर बोट दाखवलं. त्यांना वाकून आत यावं लागलं, फांदी खाली होती ना. वाकले बिचारे. पण त्यांच्याबरोबरचा तो फोटोवाला माणूस, त्याला वाटलं एक फूल साहेबांच्या हातात दिलं तर फोटो चांगला येईल. त्याने हात वर केला आणि मी त्याचं मनगट धरलं. मी काय बोललो ते क्लेमांतीनने मला नंतर तीनदा म्हणायला लावलं. "देवाला दिलं नाही ते, तुम्हाला कुठून देऊ?" हे माझ्या तोंडून कसं आलं मला माहीत नाही. जून महिन्यात तेच फूल मी परस्पर वाटून टाकलं होतं.

आता एक गोष्ट, जी तू पाहिली नाहीस. दुसऱ्या दिवशी विसर्जनाला मूर्ती उचलली तेव्हा गणपतीच्या कपाळावर लाल टिळा होता. ताजा, ओला. मी देवकीला विचारलं की कुंकू कधी लावलंस. ती म्हणाली मी नाही. तुला विचारायचं धाडस झालं नाही. मग वर बघितलं, तर बरोबर वर एक फूल, आणि त्याच्या तोंडाशी तसाच लाल थेंब, पडायच्या बेतात. आम्ही कुणीही न तोडता त्याने स्वतःच वाहिलं होतं. मी खाडीत कमरेपर्यंत उतरलो तेव्हा तो टिळा सगळ्यात शेवटी विरघळला. मला हा चमत्कार वाटतो, तू काही म्हण.

मंडळाने काल बैठक बोलावली. देव परक्या गावात नेला आणि पाहुण्यांचा अपमान केला म्हणून अध्यक्षपद सोडा असं सांगितलं. मी म्हटलं सोडतो, पण पाळी सोडत नाही. पुढच्या वर्षी गणपती माझ्याकडे, त्याच्या पुढच्या वर्षी बहिणीकडे, ज्याला यायचं त्याने यावं. बाहेर पडलो तेव्हा देवकी फाटकाशी उभी होती. आम्ही बोलत आहोत.

एक मागणं आहे. बी पिकलं की त्यातलं एखादं रोप मला मिळेल का? मी दगड लावीन बुडाशी.

लहान भाऊ म्हणून पदरात घे.

तुझा
हरिदेव


ला गोलेत,
२१ नोव्हेंबर १९९३

चि. हरिदेव व सौ. देवकी यांस अनेक आशीर्वाद. वि. वि.

बोंडं पिकली. वेरोनिक येऊन स्वतःच्या हाताने काढून घेऊन गेली. थोडीच धरली, पण भरीव आहेत, शुद्ध आहेत. अंगणातून जाताना ती झाडाच्या पाया पडली, मला वाटलं होतं ही सरकारी बाई आहे. ती रोपं करील आणि पावसाळ्यानंतर डोंगरावर नेईल. क्लेमांतीन बरोबर जाणार आहे. ती म्हणते आमची माणसं वर आहेत, ओळख करून द्यायला कुणीतरी घरचं पाहिजे.

तुझ्या चमत्काराबद्दल. तो चमत्कार नव्हता. त्या फुलात लाल मध असतो आणि भरला की टपकतो. पाली तोच चाटतात. माझ्या अंगणातल्या दगडांवर सगळीकडे तसे टिळे आहेत, तू खाली बघून चाललास तर दिसतील. पण गणपतीच्या कपाळावर पडला हे तू सांगितलंस ते बरं केलंस. मी पत्र दोनदा वाचलं.

रोप मिळणार नाही. सगळं बी डोंगराचं, असा शब्द दिलाय, आणि तू माझा भाऊ आहेस म्हणून तो शब्द लहान होत नाही. क्युरपीपच्या रोपवाटिकेत जा, नाव नोंदव आणि इतरांसारखी वाट बघ. बाजारातलं घेऊ नकोस. आणि व्हाक्वाच्या ओलीत ते जगणार नाही असं वेरोनिक सांगेल, तर ऐक तिचं. झाड बघावंसं वाटलं तर इकडे ये. बस आहे.

पुढच्या वर्षीची पाळी तुझी. पाट आजच्या दुपारच्या बसने पाठवते आहे, देवकीच्याच निळ्या साडीत. कंडक्टरला पोळपाट म्हणून सांगितलेलं नाही, काय आहे ते सांगितलं. पाटाच्या मधोमध एक लाल डाग दिसेल. मूर्ती उचलल्यावर तो दुसरा थेंब पडलेला असावा. मी घासला नाही, तूही घासू नकोस.

आणि देवकी, पुढच्या वर्षी मी येईन तेव्हा खोबरं दुसऱ्या कुणाला तरी किसायला दे. मी पुढे बसणार आहे. तू पण ये पुढे, दोघींना जागा होईल.

तुमची माया मला पुरून उरते, तरी पाठवत राहा.

अक्का